सहा वर्षांचं विरजण

"मॅडम, आमचा ब्रुनो दिवसातनं पाच वेळा जेवतोय आणि वाळत चाललाय," बेळेकर नागपूरहून फोनवर सांगत होते. "ताट चाटूनपुसून साफ करतो आणि परत भुकेला. पंधरा दिवसांत आठ किलो उतरलाय. तुमच्याकडं असताना असं कधी झालं नव्हतं."

बेळेकर आमच्या गावच्या बँकेत तीन वर्षं होते आणि त्यांचा लॅब्रॅडॉर पिल्लू असल्यापासून माझ्या कारखान्यातल्या 'घास' या खाण्यावर वाढला होता. फेब्रुवारीत त्यांची बदली झाली. मी त्यांना ठणकावून सांगितलं की हवापाणी बदललंय, जंताचं औषध द्या, चार दिवसांत ताळ्यावर येईल. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं तर ते ठणकावूनच द्यावं लागतं, त्यात खरं किती हा प्रश्न वेगळा. नवव्या दिवशी ब्रुनो गेला. बेळेकरांनी फोटो पाठवला. त्यात त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि शेजारी अर्धं भरलेलं ताट होतं.

मी फोटो पुसून टाकला. ही गोष्ट मी सांगतेय म्हणजे मी कशी बाई आहे ते आधीच कळलेलं बरं.

माझं नाव गिरिजा मगदूम. हिरण्यकेशीच्या काठी आमचं तालुक्याचं गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, गेल्या वर्षी ते छापून पुरेसं झालंय. २०३६ साली मी तिथं कुत्र्यांच्या खाण्याचा कारखाना काढला. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मी कोंबड्यांची मुंडकी नि आतडी दळून पोट भरायला निघाले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. फक्त माझी थोरली बहीण, सुमित्राअक्का, म्हणाली, "वाया जाणारं वाचवतीस ना? मग ते शाकाहारापेक्षा मोठं आहे." अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वेणीफणीपासून शाळेच्या फीपर्यंत माझं सगळं तिनंच केलं. तिच्या एका शब्दावर मी कारखाना काढला, आणि तिनं मला शाबासकी द्यावी हेच मला आयुष्यभर हवं होतं.

आमचं काम तसं सोपं होतं. गावातल्या चिकनच्या दुकानांत रोज जे उरतं ते, खानावळीतला शिळा भात आणि साखर कारखान्याची मळी एकत्र दळून मोठ्या पिंपात घालायची आणि त्याला जंतूंचं विरजण लावायचं. हे जंतू एका प्रयोगशाळेनं मुद्दाम तयार केले होते. अठरा तासांत ते मांसातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात, चरबी फोडतात, हाडं मऊ करतात. थोडक्यात, कुत्र्याच्या पोटानं जे काम करायचं ते पिंपातच उरकतात. त्यामुळं दात पडलेली म्हातारी कुत्रीसुद्धा 'घास' खाऊन अंग धरायची. सकाळी स्टीलच्या डब्यांतून तो घरोघर जायचा, नगरपालिकेच्या माणसांबरोबर चौकाचौकांतल्या मोकाट कुत्र्यांपर्यंत जायचा, आणि संध्याकाळी डबे परत यायचे.

प्रयोगशाळेनं दोन नियम लिहून दिले होते, ते आम्ही भिंतीवर चिकटवले होते. पहिला असा की दर तीस घाण्यांनंतर पिंपातलं सगळं ओतून द्यायचं, पिंप वाफेनं धुवायचं आणि बंद कुपीतल्या मूळ जंतूंपासून नव्यानं सुरुवात करायची. दुसरा असा की डब्यात परत आलेलं उष्टं अर्धा तास उकळल्याशिवाय पिंपात टाकायचं नाही.

मी दोन्ही मोडले आणि तेही मिरवत मोडले. चारशे लिटर चांगला आंबलेला घास गटारात ओतायचा? माझ्या हातून ते होईना. आमच्या घरात विरजण कधी मोडू दिलं नव्हतं. आईचं विरजण तिच्या सासूकडून आलेलं. बाळंतपण असो, सुतक असो, शेजारणीकडं वाटीभर ठेवायला द्यायचं आणि नंतर मागून आणायचं. तशीच मी रोजच्या घाण्यातली बादलीभर दुसऱ्या दिवसासाठी ठेवत गेले. आणि उष्टं उकळायला गॅस लागतो, गॅस जाळून कचरा वाचवायचा हा कसला शहाणपणा, म्हणून तेही बंद केलं. उष्टं पिंपात गेलंच, डबे विसळलेलं पाणीसुद्धा गेलं. सहा वर्षांत माझ्या कारखान्यातून एक बादली कचरा बाहेर पडला नाही. लांबलांबून लोक बघायला यायचे आणि मी त्यांना पिंपावर हात ठेवून सांगायची, "सहा वर्षांचं विरजण आहे, एकदासुद्धा मोडलेलं नाही."

मागायला बायका येऊ लागल्या. विरजण विकत देत नाहीत आणि मागणारीला नाही म्हणत नाहीत, ही आमच्याकडची रीत. मी बरण्या भरभरून अकरा जणींना दिलं. इस्लामपूर, जत, अथणी, कुठं कुठं त्यांनी पिंपं मांडली. सगळ्यांत पहिली बरणी अर्थातच अक्काची.

आमच्याकडं डबे धुवायला मालन होती. ती एकदा म्हणाली, "ताई, मला आता कामच उरलं न्हाई बघा. कुत्री डबं घासूनपुसूनच देत्यात. आदी निम्मं तरी टाकायची. आता म्हनं दुसरं कायबी घातलं तर त्वांड लावत न्हाईत."

आम्ही खूप हसलो. ते वाक्य मी जाहिरातीत घातलं.

*

१७ एप्रिल २०४२ ला डॉक्टर शिकलगार सकाळीच कारखान्यात आले. इर्शाद शिकलगार हे आमच्या तालुक्यातले जनावरांचे डॉक्टर. माणूस कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला बसावंसं वाटणारा. त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलावर सात कागद मांडले.

"सात कुत्री आहेत, ताई. तीन गावठी, बाकी चार वेगवेगळ्या जातींची. सगळी गाव सोडून गेलेली किंवा मालकांनी दुसरं खाणं सुरू केलेलं. सगळी भरपूर खात होती आणि सगळी भुकेनं मेली."

"भरपूर खाऊन भुकेनं कशी मरतील?"

"पोटाशेजारी स्वादुपिंड असतं. अन्न पचवणारे रस ते तयार करतं. मी यातली चार कापून बघितली. चारहींमध्ये ते वाळून कागदासारखं झालंय. ताट भरून खाल्लं तरी जसंच्या तसं बाहेर पडतं."

मी म्हणाले, असा आजार असतो कुत्र्यांना, मी वाचलंय. ते म्हणाले, असतो, पण तो आईबापांकडून येतो, सात वेगवेगळ्या रक्ताच्या कुत्र्यांना एका हंगामात होत नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या त्या दोन नियमांकडं बघितलं.

"तुमचे जंतू आता पिंपातले राहिले नाहीत, ताई. त्यांनी कुत्र्याच्या पोटात घर केलंय. एखाद्या जंतूला एकाच जातीच्या जनावरातून पुन्हा पुन्हा फिरवलं की दर फेरीला त्यातले जे तिथं टिकतात तेच पुढं जातात. शंभर फेऱ्यांत तो त्या जनावराचाच होऊन बसतो. तुमच्या पिंपातून कुत्रा, कुत्र्याच्या लाळेतून डबा, डब्यातून परत पिंप. रोज एक फेरी. सहा वर्षांच्या दोन हजारांवर झाल्या. प्रयोगशाळेत हे करायचं तर सरकारची परवानगी लागते. तुम्ही नुसते डबे विसळून केलंत."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

पुढचं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटात बसलेले जंतू पचनाचं काम स्वतःच करतात आणि स्वादुपिंडाला एक रस सोडतात, तुझी गरज नाही असा निरोप देणारा. आठ-दहा दिवस तो निरोप मिळत राहिला की स्वादुपिंड आखडायला लागतं आणि पुन्हा भरून येत नाही. आणि या जंतूंना पचवता येतं ते फक्त 'घास', कारण त्यांची सहा वर्षं त्यावरच गेली. 'घास' चालू आहे तोवर कुत्रा धडधाकट दिसतो. बंद झाला की संपला.

"म्हणजे माझी सगळी कुत्री..."

"तुमच्या गावात मोकाट आणि पाळीव मिळून दोन हजार तीनशे. शिवाय तुम्ही ज्यांना विरजण दिलंत त्यांची. सगळ्यांना आजच कळवा. निदान नवीन कुत्र्याला तरी कुणी हे घालू नये."

"डॉक्टर, सातच नमुने आहेत. खात्री करून घेऊ. पचनरसाची पूड मिळते ना? ती मागवू. बरी होत असतील तर उगाच घबराट कशाला?"

त्यांनी सातही कागद गोळा केले. शेवटी ते शास्त्र शिकलेले, सात नमुन्यांवर आरोळी ठोकणं त्यांनाही जड जात होतं. त्यांनी पंधरा दिवस दिले. पूड यायची आहे, अहवाल यायचा आहे, असं करत करत मी त्यांचे एक्केचाळीस केले.

लोक विचारतात, कारखाना वाचवायचा होता का? तसं असतं तर बरं झालं असतं, लोभाला निदान नाव असतं. खरं कारण असं की मला अक्काला सांगायची लाज वाटत होती. बाकी काही नाही.

*

३ मे ला मी सांगायचं ठरवूनच निपाणीला गेले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर अक्कानं तिथं तंबाखूची एक रिकामी वखार घेतली होती आणि लोकांनी टाकून दिलेली म्हातारी, लंगडी, आंधळी कुत्री त्यात सांभाळायची. वखारीच्या भिंतींत इतका तंबाखू मुरलेला की नवीन आलेलं प्रत्येक कुत्रं चार दिवस शिंकत असे. शिंका थांबल्या की ते आपलं झालं, असं अक्का म्हणायची. मागच्या अंगणात तिचं पिंप होतं, माझ्या बरणीतून वाढवलेलं. शेजारच्या गल्लीतली पोरं शाळा सुटली की तिथंच लोळत असायची, कुत्र्यांच्या गळ्यात गळे घालून.

"एवढं ऊन करून आलीस व्हय गं?" अक्कानं दारातच विचारलं. "पाणी पी आधी. आणि ही बघ कोण आलीय."

एका खांबाला पांढरट रंगाची कुत्री बांधली होती. टोलनाक्यावर कुणीतरी गाडीतून उतरवून निघून गेलं होतं तिला. परवाच आणलेली, अजून शिंकत होती.

"अंगावर मांस न्हाई बघ. आता तुझ्या घासावर महिन्यात गुबगुबीत होईल. डॉक्टर म्हणायचे ही म्हातारी कुत्री वर्ष काढणार नाहीत, आणि माझी पाच-पाच वर्षं जगायलीत." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आई असती तर बघितली असती गं. तिच्या विरजणाचं तू काय केलंस ते."

बस्स. ही शाबासकी. चाळीस वर्षं वाट बघितली होती तिची.

"अक्का," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. नवीन कुत्री सध्या कमी घे. उन्हाळा आहे, तुझी दगदग होते."

"म्हणजे टोलनाक्यावर तशीच टाकून येऊ होय? काहीतरीच सांगतीस." तिनं घासाचा वाडगा भरला आणि माझ्या हातात दिला. "दे तिला. तुझ्या हातचा पहिला घास खाऊ दे."

मी वाडगा ठेवला. मी ठेवला, माझ्या हातानं. सोळा दिवस मला सगळं ठाऊक होतं. कुत्रीनं आधी वास घेतला, शिंकली, आणि मग खाऊ लागली. मी तिथं उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, पूड आली की सगळं नीट होईल.

*

पूड आली. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये आम्ही बारा कुत्री ठेवली, घास बंद केला, साधं खाणं आणि त्यात पूड. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ती वाळायला लागली. डॉक्टरांनी तपासलं तर पोटातल्या जंतूंना ती पूडसुद्धा, जनावराच्याच स्वादुपिंडातून काढलेली म्हणून, पचत होती, तिचं काम सुरू व्हायच्या आत ते तिचाच फडशा पाडत होते. मग जंतू मारायचं औषध दिलं. जंतू मेले, आणि आता कुत्र्यांना घासही पचेना. बारातली नऊ गेली. मालन त्यांच्यापुढं भाकरी कुस्करून ठेवायची, ती खायची, तिच्याकडं बघत शेपूट हलवायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी हलकी व्हायची. मालन एक दिवस घरी गेली ती परत आली नाही.

२७ मे ला डॉक्टरांनी फोन केला. एका गोठ्यातली दोन वासरं वाळत होती. गोठ्यातलं कुत्रं त्यांना चाटायचं.

"आता जंतूला पिंपाचीसुद्धा गरज उरली नाही," डॉक्टर म्हणाले. "एक कुत्रं महिन्याला एक तरी नवीन जनावर धरतंय. पुढं माणसाचं मूल आहे. उद्या तुम्ही सांगता की मी सांगू?"

२८ मे ला मी सगळीकडं फोन केले. अक्का सोडून बाकी दहा जणींना सांगितलं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. जतच्या बाईनं शांतपणे विचारलं, "मी पुढं सहा जणींना दिलंय, त्यांनी कुणाला दिलं ते मला कसं कळणार?" आजही दोन पिंपांचा पत्ता लागलेला नाही.

आमच्या गावात काय झालं ते छापून आलंय, ते पुन्हा सांगत नाही. कुत्री मारायचा कलेक्टरचा हुकूम आला, गाड्या आल्या. माझं पिंप मी स्वतः उकळलं.

अक्काकडं मात्र फोन न करता गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. वासरांचं ऐकल्यावर तिनं अंगणाकडं बघितलं. तिथं गल्लीतली एक मुलगी आंधळ्या कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावून काहीतरी सांगत होती.

"पोरांनो, घरी जा आज," अक्का म्हणाली. "हात धुऊन जा. साबणानं." मग मला म्हणाली, "घास घालत राहिलो तर ही जगतील आणि दुसऱ्यांना मारतील. घास बंद केला तर उपाशी मरतील. असंच ना?"

"असंच."

"मग उपाशी मी कुणाला मारणार न्हाई. डॉक्टरांना घेऊन ये. निपाणीत अजून हुकूम आला नाही, तो यायची वाट कशाला बघायची?" मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"परवाच अहवाल आला," मी म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी काय चूक गं यात. तुला तरी काय ठाऊक."

*

पाच दिवसांनी मी आणि डॉक्टर शिकलगार वखारीत पोचलो तेव्हा अक्कानं फरशी धुऊन चटया अंथरल्या होत्या. सदुसष्ट कुत्री होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सगळ्यांचं रक्त नेलं होतं. अगदी शेवटच्या आठवड्यात आलेली तीन स्वच्छ निघाली, ती अक्कानं शेजारच्या घरी हलवली. राहिली चौसष्ट.

अक्काच्या हातात शाळेतला हजेरीपट होता. निवृत्त होताना कोरा आणलेला. त्यात तिनं प्रत्येक कुत्र्याचं नाव आणि आल्याची तारीख लिहिली होती, आणि रोज सकाळी ती हजेरी घ्यायची हे मला त्या दिवशी कळलं. ती नाव घ्यायची आणि ते ते कुत्रं उठून यायचं.

"काशी."

म्हातारी काशी आली. अक्कानं तिला मांडीवर घेतलं, कानामागं खाजवलं. डॉक्टरांनी आधी गुंगीची सुई दिली, मग दुसरी. अक्कानं हजेरीपटात लाल शाईनं रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. दामू. इंजिन. पोस्टमन. शेवंता. प्रत्येकाला ती काहीतरी बोलायची, दोन शब्द, शाळा सुटताना पोरांना सांगतात तसं. मी चटया उचलत होते आणि मागच्या परड्यात खणलेल्या चराकडं नेत होते. पंचेचाळीस झाली तोवर दुपार टळली होती. अक्का एकदाही रडली नाही. मी रडत होते, आणि तिनं दोनदा मला पदरानं तोंड पुसायला लावलं.

डॉक्टर फॉर्म भरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अक्का, यातली एप्रिलच्या मध्यानंतर आलेली किती? वेगळी दाखवावी लागतील. पहिला अहवाल मी ताईंना १७ एप्रिलला दिला, तिथून पुढची."

अक्कानं पेन हजेरीपटावर ठेवलं.

अक्का माझ्याकडं वळली. "१७ एप्रिल?"

मी हातातली चटई गुंडाळू लागले.

"गिरिजा. १७ एप्रिल?"

"हो."

"टोलनाक्यावरची मी तुला दाखवली तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो, अक्का. सांगायलाच आले होते. लाज वाटली. वाटलं, औषध मिळेल, मग सांगेन. तू आईचं नाव काढलंस आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना."

माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं हजेरीपटाची पानं उलटली, चष्मा वर केला आणि बोट ठेवून खाली खाली नेत मोजलं. मोजायला तिला फार वेळ लागला. जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई, आकडा एकदाच मोजायची, पण त्या दिवशी तिनं दोनदा मोजला.

"एकोणीस," ती म्हणाली. "ही एकोणीस चांगली होती. पोटं चांगली होती त्यांची. दुसऱ्या कुणी भाकर घातली असती तरी जगली असती."

तिनं हजेरीपट आणि लाल पेन माझ्या हातात दिलं.

"पुढची हजेरी तू घे."

"अक्का, मला नाही..."

"नावं वाचता येतात ना? घे."

ती भिंतीला टेकून बसली. मी पहिलं नाव वाचलं. एक तपकिरी कुत्रा उठला आणि माझ्याकडं न येता अक्काकडं गेला. तिनं त्याला हात लावला नाही. माझ्याकडं बोट दाखवलं. तो आला. मी त्याला मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सुई लावली. सैल पडलेलं अंग किती जड असतं ते मला कळलं, आणि मग मी रेघ मारली.

तिसरं नाव 'टोल' होतं. पांढरट कुत्री आली. खरंच गुबगुबीत झाली होती. ती आता शिंकत नव्हती. तिनं माझे हात हुंगले, ओळखीचा वास लागला असावा, आणि शेपूट हलवत आपणहून माझ्या मांडीत बसली.

मी चौथं नाव वाचलं. पाचवं. सहावं. अक्का बघत होती. नाव हळू घेतलं की म्हणायची, "मोठ्यानं. ऐकू जात नाही त्याला." एकाला नीट धरलं नाही म्हणून म्हणाली, "डोकं वर धर त्याचं, दुखेल." एकोणिसावं कुत्रं लहान होतं, वर्षाचंही नसेल, त्याचं नाव अजून लिहिलेलं नव्हतं. हजेरीपटात नुसती तारीख होती, २१ मे.

"याचं नाव?" मी विचारलं.

"ठेवायचं राहिलं," अक्का म्हणाली. "शिंका थांबल्यावर ठेवणार होते."

त्याला मी बिननावाचंच बोलावलं. ते पळत आलं.

चर बुजवून झाला तेव्हा डॉक्टर गाडीत जाऊन बसले. मी नळाखाली हातपाय धुतले. अक्का वखारीत वाकून वाडगे गोळा करत होती, एकात एक रचत होती. मी मदतीला पुढं झाले, तर तिनं माझ्या हातातला वाडगा काढून घेतला आणि रचात ठेवला. सकाळपासून आम्ही दोघी पाण्याशिवाय होतो. चहाचं तिनं विचारलं नाही.

"अक्का, येते मी."

तिनं वाडग्यांची चळत उचलली आणि मोरीकडं वळली.

"जा," ती म्हणाली.

मी दारात थोडा वेळ उभी राहिले. आतून वाडगे घासल्याचा आवाज यायला लागला. मग मी गेले.